सापांच्या मुलखात शिकारीला जाताना पायांसाठी काय घ्यावे : गेटर, बूट की चॅप्स?

पायवाट (डॅलस)

नमस्कार मंडळी. कार्यालयातील माझे एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी डिसेंबरात दक्षिण टेक्सासमधील एका रँचवर, लारेडोच्या पूर्वेला, बॉबव्हाइट क्वेलच्या शिकारीला जातात आणि यंदा त्यांनी मलाही बरोबर घ्यायचे ठरवले आहे. (बॉबव्हाइट म्हणजे आपल्याकडील लाव्याचा दूरचा नातेवाईक.) परवाना आणि त्याआधीचे सक्तीचे शिकारी-शिक्षण हे दोन्ही सोपस्कार मी पूर्ण केले आहेत. त्यांनी पाठवलेल्या सामानाच्या यादीत मात्र पहिल्याच ओळीत ‘सापापासून पायांचे संरक्षण’ असे लिहिले असून त्यापुढे काहीही खुलासा केलेला नाही. विचारले तर ते हसतात आणि म्हणतात, ‘दुकानात जा, कळेल.’

दुकानात गेलो आणि अधिकच गोंधळलो. गुडघ्यापर्यंत येणारे स्नेक बूट आहेत, नेहमीच्या बुटांवर बांधायचे गेटर आहेत, मांडीपर्यंत जाणारे चॅप्स आहेत आणि समोरून जाड कापड शिवलेल्या विजारीही आहेत. माझी मर्यादा साधारण दोनशे डॉलरची आहे. मार्च-एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीलाही जाण्याचा बेत असल्याने दोन्हीकडे चालेल असे काही सुचवता आले तर फार बरे होईल. त्या भागात प्रत्यक्ष चाललेल्या सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मेस्किट (सॅन अँटोनियो)

त्या पट्ट्यात मी बारा हंगाम चाललो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, तिथे सापापेक्षा आधी भेटतो तो काटा. मेस्किट, कॅटक्लॉ, फड्या निवडुंग आणि त्याहून वाईट म्हणजे टासाहियो नावाचा बारीक काड्यांचा निवडुंग, या सगळ्यांतून दिवसभर चालावे लागते. बारा वर्षांत मला डायमंडबॅक रॅटलस्नेक (शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देणारे विषारी साप) सहा वेळा जवळून दिसले, त्यांपैकी दोनदा हिवाळ्यात. काटे मात्र प्रत्येक दिवशी, प्रत्येक तासाला लागले. तेव्हा तुम्ही जे काही घ्याल ते मुख्यतः काट्यांसाठी वापरले जाईल आणि सापासाठी कदाचित एकदाच उपयोगी पडेल, हे गृहीत धरून निवड करावी. काट्यांनी वर्षभरात चिंध्या होणारे कापड सापाच्या वेळी काय कामाचे?

दुसरी गोष्ट चालण्याची. क्वेलच्या शिकारीत कुत्र्यांच्या मागे दिवसाला आठ-दहा मैल सहज होतात. स्नेक बुटांची जोडी दोन किलोच्या आसपास भरते आणि ते वजन पावलापाशी असल्यामुळे दुपारनंतर प्रत्येक पाऊल उचलताना जाणवते. गेटर त्याच्या निम्म्याहून कमी भरतात आणि पायांत तुमचे रोजचे, सवयीचे बूट राहतात. म्हणून पहिल्या खेपेला माझे मत गेटरकडे झुकते.

मात्र गेटर म्हणजे फक्त नडगी आणि पोटरी. पाऊल आणि घोटा तुमच्या बुटाने सांभाळायचा असतो. जाळीचे धावण्याचे बूट घालून वर दीडशे डॉलरचे गेटर बांधलेले लोक मी पाहिले आहेत. जमिनीवर वेटोळे करून बसलेल्या सापाला सर्वांत जवळ काय असते, तर पाऊल. बूट घोट्याच्या वर येणारे, पूर्ण चामड्याचेच हवेत आणि गेटरची खालची झडप नाड्यांवर पूर्ण बसायला हवी. दुकानात बूट घालूनच जा, गेटर बांधा, उकिडवे बसा आणि मग घोट्याशी फट पडते का ते पाहा. उभे असताना सगळेच गेटर छान बसतात.

चौकस

साप दिसल्यावर मागे उडी मारण्यासाठी यांपैकी कोणते अधिक सोयीचे, याचाही कुणी तुलनात्मक अभ्यास केला असल्यास कृपया मांडावा.

मेस्किट (सॅन अँटोनियो)

@चौकस, तुम्ही थट्टेने विचारले असले तरी प्रश्न खरा आहे. उडी मारायची नाही. आवाज आला की जागीच थांबायचे, साप कुठे आहे ते डोळ्यांनी शोधायचे आणि मग ज्या वाटेने आलो त्याच वाटेने एकेक पाऊल मागे जायचे. न पाहता मारलेली उडी निवडुंगात संपते, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या दिवशी सापाने मला काहीही केले नव्हते आणि तरीही संध्याकाळी दोन जण चिमटे घेऊन माझ्या पाठीशी बसले होते.

दापोलीकर

आमच्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. पण या धाग्यावर तो वाद काढत नाही. सापांच्या मुलखात पाय कसे सांभाळावेत, एवढ्यापुरतेच लिहितो.

आमच्या बागेत आणि कातळावर फुरसे भरपूर. फुरसे जेमतेम हात-दीड हाताचे, विषदंतही लहान, त्यामुळे दंश बहुतेक पावलाला, घोट्याला किंवा गवत कापताना हाताला होतो. त्यावर रबरी गमबूट हा स्वस्त आणि बराच उपयोगी उपाय आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते देतो. अडचण अशी की, भाताच्या चिखलात गमबूट रुतून बसतो आणि उन्हात पाय शिजतात, म्हणून लोक ते बांधावर काढून ठेवतात आणि अनवाणी कामाला लागतात. मी दहा वर्षे ओरडतो आहे, तरीही बूट बांधावरच असतात. तेव्हा पायवाट यांनी दिवसभर अंगावर राहील असेच काहीतरी घ्यावे. मांडीपर्यंतचे चिलखत घेऊन ते गाडीत ठेवण्यापेक्षा घोट्यापर्यंतचा चामड्याचा बूट पायांत असलेला बरा.

जाता जाता, आमच्याकडील हिरवा चापडा झुडपाच्या फांदीवर बसतो आणि हाताला किंवा चेहऱ्याला दंश करतो. त्याच्यापुढे तुमचे गेटर काय करणार?

काळी_माती (नॉर्थ कॅरोलिना)

माझा जन्म इचलकरंजीचा आणि धंदा तांत्रिक कापडाचा, त्यामुळे या धाग्यावर न बोलणे मला शक्य नाही.

दुकानातील पट्टीवर ‘१००० डेनियर’ असे लिहिलेले असते. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. म्हणजे तो आकडा धागा किती जाड आहे ते सांगतो. कापड किती घट्ट विणले आहे, किती थर आहेत आणि सुई आत जाते की नाही, यांतील काहीच सांगत नाही. हजार डेनियरचे एकेरी कापड काट्याला उत्तम, खरचटण्याला उत्तम, पण विषदंत म्हणजे एक वाकडी इंजेक्शनची सुई आहे आणि सुई धागा तोडत नाही, दोन धाग्यांना बाजूला सारून मधून जाते. याच कारणाने ‘बंदुकीची गोळी अडवणारे कापड’ ही जाहिरात इथे निरर्थक ठरते. गोळीची शक्ती अनेक धाग्यांवर पसरवणारे मऊ कापड टोकदार सुईला सहज वाट देऊ शकते.

विषदंत अडवण्याचे मार्ग मुख्यतः तीन. एक म्हणजे धागे सरकूच शकणार नाहीत इतकी घट्ट वीण. टर्टलस्किनचे गेटर या पद्धतीचे आहेत, ते हलके असतात आणि घडीही होतात. दुसरा म्हणजे कापडाच्या दोन थरांमध्ये पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या पट्ट्या. संरक्षण भक्कम, पण पट्ट्यांच्या मधल्या जोडांवर लक्ष ठेवावे लागते आणि गुडघा वाकवताना टोचतात. तिसरा म्हणजे चामडे आणि जाड नायलॉनचे अनेक थर, बहुतेक स्नेक बुटांत असतात तसे. विकत घेताना निर्मात्याने सुईने किंवा प्रत्यक्ष सापाच्या दंशाने चाचणी केली आहे का आणि संरक्षण पायाच्या सर्व बाजूंनी आहे की फक्त समोरून, हे दोन प्रश्न विचारावेत. कित्येक ‘ब्रश’ विजारी आणि चॅप्स केवळ काट्यांसाठी असतात. दिसायला ते सापासाठीच्या चॅप्ससारखेच दिसतात आणि दुकानात शेजारीच टांगलेले असतात.

निवडुंग

@काळी_माती, फार उपयुक्त प्रतिसाद. त्याला एक पुरवणी जोडतो. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी द्रव भरलेले हातमोजे नकली अवयव म्हणून रॅटलस्नेकपुढे धरले, काही उघडे आणि काही डेनिमने झाकलेले. डेनिम असताना आत गेलेल्या विषाचे प्रमाण सुमारे ६० ते ६६ टक्क्यांनी घटले, कारण बरेचसे विष कापडावरच सांडले. दंश थांबला नाही, हे लक्षात घ्यावे. पण अर्ध्या चड्डीपेक्षा सैलशी जीन्स किती बरी, ते यावरून कळते. गेटरच्या आत तंग विजार घालण्यापेक्षा जीन्स घालावी.

ऑस्टिनची_मावशी

म्हणजे लेकाची ती ढगळ जीन्स मी उगाचच दान केली म्हणायची.

सोनोरा (टूसॉन)

मेस्किट यांच्या गेटरच्या सल्ल्याशी मी अंशतः असहमत आहे. सपाट जमिनीवर तो बरोबर आहे. साप साधारणतः आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या लांबीपर्यंत झेप घेतो, त्यामुळे चार फुटी डायमंडबॅक सपाटीवर गुडघ्याखालीच पोहोचतो, हे मान्य. पण आमच्याकडे ॲरिझोनात क्वेल डोंगरउतारावर असतात. चढणीला लागल्यावर समोरच्या खडकाची कपार तुमच्या मांडीच्या उंचीवर असते आणि आधारासाठी हात टेकता तेव्हा ती हाताच्या उंचीवर असते. साप तिथेच ऊन खात पडलेला असतो. तेव्हा आमच्याकडे चॅप्स आणि हातात काठी, ही जोडी मी पसंत करतो.

पायवाट यांचा रँच दक्षिण टेक्सासचा, म्हणजे बव्हंशी सपाट, त्यामुळे त्यांना माझा आग्रह नाही. मात्र टर्कीचे वेगळे आहे. टर्कीच्या शिकारीत माणूस झाडाच्या बुंध्याला टेकून जमिनीवर तासन्‌तास बसतो. बसलेल्या माणसाची मांडी, नितंब आणि तळहात हे सगळे जमिनीलगत येते आणि गेटर ज्या उंचीसाठी बनवला ती उंचीच उरत नाही. वसंतात साप नुकतेच बाहेर पडलेले असतात. त्या वेळी चॅप्स घ्या अथवा न घ्या, पण बसण्यापूर्वी बुंध्याभोवती काठीने पाचोळा हलवून, पूर्ण फेरी मारून मगच बसा. पहाटेच्या अंधारात हे काम विजेरीशिवाय करू नये.

मेस्किट (सॅन अँटोनियो)

टर्कीबद्दल सोनोरा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, तो मुद्दा माझ्याकडून राहिला. फक्त एक भर घालतो. पॉलिकार्बोनेटचे चॅप्स चालताना खरखर वाजतात. क्वेलला त्याने फरक पडत नाही, टर्की मात्र तेवढ्याने निघून जातो.

जॉर्जियाचा_जावई

आमच्याकडील नैऋत्य जॉर्जियात थॉमसव्हिलच्या आसपास लाँगलीफ पाइनच्या वनात क्वेलची जुनी शिकारराने आहेत. तिथला साप म्हणजे ईस्टर्न डायमंडबॅक, अमेरिकेतील सर्वांत मोठा विषारी साप. मोठ्या सापाचे विषदंत जवळजवळ इंचभर असू शकतात. तो गोफर कासवाच्या बिळांत हिवाळा काढतो आणि ऊबदार दिवशी तोंडाशी येऊन बसतो. शिवाय सखल भागात पाणथळ आणि त्यात कॉटनमाउथ हा पाण्यात राहणारा विषारी साप. अशा ठिकाणी गेटर बांधून बूट भिजवत फिरण्यापेक्षा सतरा-अठरा इंची जलरोधक स्नेक बूटच मला सोयीचे वाटतात, वजन कितीही असो. फट पडण्याचा प्रश्नच राहत नाही.

एक अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी मी ऑनलाइन अगदी स्वस्तातले गेटर मागवले होते. दुसऱ्याच दिवशी टाचेखालचा पट्टा तुटला, गेटर वर सरकून पोटरीशी गोळा झाला आणि मी उरलेला दिवस सासरेबुवांनी ट्रकमधून काढून दिलेल्या सुतळीने तो बांधून काढला. जावई म्हणून आधीच फारशी पत नव्हती. टाचेखालचा पट्टा हा जमिनीला घासणारा एकमेव भाग असतो, तो बदलता येतो का हे अवश्य पाहावे.

ब्रिस्बेनवासी

इकडची स्थिती अगदी उलट आहे. आमच्या ईस्टर्न ब्राउनचे विष अतिशय जहाल, पण विषदंत जेमतेम तीन मिलिमीटरचे. त्यामुळे जाड कॅनव्हासचे साधे गेटरही इथे बरेच काम करतात. रानडुकरांच्या मागे जाणारी इकडची मंडळी तेच वापरतात. तुमच्या रॅटलस्नेकचे विषदंत त्याच्या चौपट लांब, म्हणून आमच्या दुकानातील गेटर पाहून तिकडची खरेदी करू नये.

आणखी एक, गेटरच्या खिशात दाबपट्टी अवश्य ठेवावी. दंश झाल्यास संपूर्ण पाय पट्टीने घट्ट गुंडाळून स्थिर ठेवणे हा पहिला उपचार आहे.

परिचारिका (ह्यूस्टन)

@ब्रिस्बेनवासी, क्षमस्व, पण तुमचा शेवटचा परिच्छेद टेक्सासला लागू करू नये अशी पायवाट यांना विनंती आहे. दाबपट्टी ऑस्ट्रेलियातील चेतासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषांसाठी योग्य आहे. रॅटलस्नेक, कॉपरहेड आणि कॉटनमाउथ यांचे विष प्रामुख्याने दंशाच्या जागीच सूज आणि पेशींचा नाश घडवते. ते पट्टीने एका जागी कोंडले तर पायाची हानी वाढू शकते, म्हणून इथे ती देत नाहीत. कापणे, चोखणे, बर्फ लावणे, आवळपट्टी बांधणे हेही नाही. ९११ ला फोन करावा, अंगठ्या आणि आवळणारे कपडे काढावेत, शांत बसून राहावे आणि लवकरात लवकर प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. इथे क्रोफॅब आणि ॲनाव्हिप अशी दोन प्रतिविषे वापरात आहेत. सापाला मारून किंवा पकडून बरोबर आणण्याची गरज नसते. कृपया आणू नये. आमच्या तातडीच्या विभागात एकदा बादली आली होती.

आता मूळ प्रश्नाशी संबंधित मुद्दा. दंश झालेला पाय झपाट्याने सुजतो. अठरा इंची नाड्यांचा बूट सुजलेल्या पायातून काढणे किती कठीण जाते, ते मी पाहिले आहे. कात्री चालत नाही, कारण बूट कापला जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. तेव्हा बूट घेणार असाल तर बाजूला पूर्ण उंचीची चेन असलेले घ्यावेत. गेटर या बाबतीत उजवे, तीन बकले सोडली की मोकळे.

जॉर्जियाचा_जावई

हा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता. माझे बूट नाड्यांचेच आहेत. चेनमध्ये वाळू आणि चिखल अडकतो म्हणून मी ती मुद्दाम टाळली होती, आता फेरविचार करावा लागेल.

चौकस

@परिचारिका, बादलीत साप जिवंत होता की मेलेला?

परिचारिका (ह्यूस्टन)

ते झाकण उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते. उघडल्यावर कळले.

सातारकर

विषयाला धरूनच एक अवांतर. जुन्या छायाचित्रांत शिपाई आणि हवालदार पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरी पट्ट्या गुंडाळलेले दिसतात. इंग्रजीतील ‘पटी’ हा शब्द या आपल्याकडच्या पट्टीवरूनच गेला. त्या काळी पायाला पट्ट्या गुंडाळणाऱ्यांचे देशबांधव आज त्याच कामासाठी दीडशे डॉलर मोजत आहेत, हे पाहून गंमत वाटली.

पायवाट (डॅलस)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतका विचार मी घर घेतानाही केला नव्हता.

तुमचे प्रतिसाद छापून दुकानात नेले. घोट्याच्या वर येणारे, पूर्ण चामड्याचे बूट माझ्याकडे होतेच, त्यामुळे सर्व बाजूंनी संरक्षण देणारे, घट्ट विणीचे गेटर घेतले. उकिडवे बसून पाहिल्यावर पहिल्या दोन जोड्या बाद झाल्या, एकात नाड्या उघड्या पडत होत्या आणि दुसऱ्याचे बकल माझ्या पोटरीसाठी शेवटच्या छिद्रावर लावूनही फिरत होते. दुकानदाराने शेवटी मला ‘किशोरांच्या’ रांगेत पाठवले. तिथली जोडी चपखल बसली आणि वीस डॉलर वाचले. टर्कीसाठी वेगळे चॅप्स सहकाऱ्याकडून उसने मिळणार आहेत.

एक शंका उरली आहे. डिसेंबरात साप बाहेर असतात तरी का? सहकारी म्हणतात की, थंडीत काही होत नाही.

मेस्किट (सॅन अँटोनियो)

थंडीची लाट असेल तेव्हा त्यांचे म्हणणे खरे. पण दक्षिण टेक्सासमध्ये डिसेंबरात दुपारचे तापमान पंचवीस अंशांवर जाणे नवलाचे नाही आणि अशा दिवशी साप बिळाच्या तोंडाशी, वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन पडतात. गारठ्याने मंदावलेला साप पुष्कळदा खुळखुळा वाजवतही नाही. सकाळी थंडी आहे म्हणून गेटर गाडीत ठेवून जाऊ नका. अकरा वाजता गाडी तीन मैलांवर असते. आडवे पडलेले ओंडके ओलांडू नका, आधी त्यांवर पाय द्या, पलीकडे पाहा, मग उतरा. आणि पडलेला पक्षी झुडपात हात घालून उचलण्याआधी आत डोकावून घ्या. दापोलीकर म्हणाले ते खरेच आहे, हाताला गेटर नसतो.

पायवाट (डॅलस)

(तीन आठवड्यांनंतर)

परत आलो. अडीच दिवसांत साधारण वीस मैल चाललो, सात पक्षी मिळाले, साप एकही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रा एका बिळापाशी अचानक थबकून मागे सरला, तेव्हा त्याच्या मालकाने आम्हा सर्वांना लांबून वळसा घालायला लावला. कुत्र्याला सापापासून दूर राहण्याचे खास शिक्षण दिलेले होते. बिळात काय होते ते पाहायला कुणी थांबले नाही.

मेस्किट यांचे काट्यांबद्दलचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. रात्री दोन्ही गेटरमधून मी पक्कडीने काटे उपटत बसलो होतो, त्रेचाळीसपर्यंत मोजले आणि मग नाद सोडला. आतल्या जीन्सपर्यंत एकही पोहोचला नव्हता. माझ्या शेजारी साध्या विजारीत चाललेले गृहस्थ दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

आता गेटर चिखलाने माखले आहेत. धुण्याच्या यंत्रात टाकले तर वीण सैल होईल का?

काळी_माती (नॉर्थ कॅरोलिना)

यंत्रात टाकू नका, वाळवण्याच्या यंत्रात तर मुळीच नको, उष्णतेने आतील लेप सुटतो. थंड पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा आणि सावलीत उलटे टांगा. तुटलेली काट्यांची टोके आत राहिलेली असतात, ती कोरड्या कापडावरून उलटा हात फिरवून शोधावीत. हातमोजा घालून, हे वेगळे सांगायला नकोच.